जखमेला हात लावण्याआधी

(शहरातल्या एका युवा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत.)

 

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखाद्या कंपनीची सिस्टीम बंद पडली की बिघाड नेमका कुठून सुरू झाला, हे मागे मागे जात शोधणं हे माझं रोजचं काम. तीन वर्षांपूर्वी असाच एक शोध मी जळीत वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून घेतला. त्याबद्दल बोला, असं इथल्या मित्रांनी सांगितलं म्हणून आलो आहे.

माझा मामेभाऊ. वय तेव्हा 27. आपल्याकडची बरीच पोरं जातात तसा तो दुसऱ्या एका शहरात केटरिंगच्या किचनमध्ये कामाला होता. पहाटे देगीखालची भट्टी पेटवताना गॅसचा भडका उडाला. दोन्ही हात, छाती, मानेचा एक भाग. डॉक्टर म्हणाले, 34 टक्के. आधी जवळच्या छोट्या दवाखान्यात पट्टी झाली, तिथून एका नर्सिंग होममध्ये, तिथून त्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. रुग्णालयाचं नाव घेत नाही. तिथल्या सिस्टरांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही, आणि जे चुकलं ते एकट्या त्यांचं नव्हतं.

पहिले पाच दिवस तो बोलत होता, मोबाइल मागत होता, मॅचचा स्कोअर विचारत होता. सहाव्या दिवशी ताप आला. सातव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर आत ओल आणि वास. जखमेचा नमुना कल्चरला गेला आणि अकराव्या दिवशी कागद माझ्या हातात आला. वर जिवाणूचं नाव, असिनेटोबॅक्टर बाउमानी. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर इंग्रजी अक्षर. आर, आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, हा जिवाणू या औषधाला दाद देत नाही. यादीच्या तळाशी कोलिस्टिन, त्याच्यासमोर आय. मी तिथल्या तरुण डॉक्टरला विचारलं, एस का नाही? एस म्हणजे औषध लागू पडतं. तो म्हणाला, "कोलिस्टिनला आता एस देतच नाहीत." तेव्हा वाटलं टाळतोय. नंतर वाचलं तर खरंच होतं. हे निकष ठरवणाऱ्या ज्या अमेरिकन संस्थेचं आपल्याकडच्या बऱ्याच लॅब मानतात, तिने 2020 मध्ये कोलिस्टिनसाठी एस हा पर्यायच काढून टाकला. हे औषध रुग्णाला बरं करेल अशी खात्री द्यायला ती संस्था तयार नाही.

हे कोलिस्टिन जपानमध्ये 1940 च्या दशकाच्या शेवटी सापडलं. किडनीला त्रास देतं म्हणून 1970 च्या दशकापासून डॉक्टरांनी ते जवळजवळ माळ्यावर टाकून दिलं होतं. दुसरं काही उरलं नाही म्हणून ते पुन्हा खाली काढलं.

मामीने तेव्हा एकच प्रश्न विचारला, "ये कीड़ा आया किधर से रे?" घरात नव्हता, भट्टीत नव्हता. आज मी जे बोलणार आहे ते या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी जखमेचं सांगतो. कातडी ही भिंत आहे, हे आपण शाळेत शिकलो. भाजल्यावर ती भिंत पडते, पण एवढंच होत नाही. वरचा जळालेला थर मेलेला असतो, त्यातून रक्त फिरत नाही. सलाईनमधून दिलेलं अँटिबायोटिक रक्तातून जातं. जिथे रक्तच नाही तिथे औषध कसं पोचणार? जिवाणूला मात्र तिथे ओल, ऊब आणि प्रथिनं, सगळं फुकट मिळतं. म्हणून चांगला सर्जन औषधाच्या भरवशावर बसत नाही. मेलेला थर लवकरात लवकर काढून तो तिथे कातडी लावतो. पेशंटचीच कातडी पुरली नाही तर मृत्यूनंतर दान केलेली कातडी काही आठवडे आच्छादनासारखी वापरतात. मुंबईत सायनच्या रुग्णालयात 2000 सालापासून त्यासाठी त्वचा बँक आहे. त्वचादानाबद्दल आपल्या घरांमध्ये बोललं पाहिजे, पण तो वेगळा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

आणि भाजल्याबरोबर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. नळाचं वाहतं पाणी, 20 मिनिटं. टूथपेस्ट नाही, निळी शाई नाही, हळद नाही, बर्फसुद्धा नाही. आमच्या भावाच्या हाताला किचनमधल्या उस्तादने पेस्ट फासली होती, प्रेमानेच. ती खरवडून काढताना जे झालं ते इथे सांगवत नाही.

आता मामीचा प्रश्न. हाच प्रश्न 2003-04 मध्ये अमेरिकेच्या सैन्याला पडला होता. इराक आणि अफगाणिस्तानातून जखमी सैनिक परत यायला लागले आणि त्यांच्या जखमांत, रक्तात हाच असिनेटोबॅक्टर दिसायला लागला. 2002 ते 2004 च्या ऑगस्टपर्यंत या सैनिकांवर उपचार करणाऱ्या लष्करी रुग्णालयांत 102 पेशंटच्या रक्तात तो सापडला. लोकांनी त्याचं नावच इराकीबॅक्टर पाडलं. सगळ्यांना वाटलं, हा तिकडच्या मातीतला जंतू आहे, स्फोटात मातीबरोबर जखमेत घुसतोय. दोष इराकच्या वाळूवर गेला. सोयीचंच होतं ते.

मग त्यांच्याच डॉक्टरांनी तपास केला आणि 2007 मध्ये तो छापून आला. मातीचे 49 नमुने तपासले, एकात सापडला. जखमी होऊन आलेल्या 160 जणांची कातडी तपासली, एकाच्या अंगावर सापडला. आणि युद्धभूमीवरची त्यांची स्वतःची फील्ड हॉस्पिटलं तपासली, सात. सातही ठिकाणी, जिथे उपचार करतात तिथेच, तो बसलेला होता.

हा पेपर मी वॉर्डाबाहेर बसून फोनवर वाचला. इंजिनिअर म्हणून मला तो चटकन समजला. आपण बाहेरून हल्ला झाला म्हणतो आणि लॉग उघडून बघतो तर दार आतूनच उघडं असतं.

असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तगून राहतो. पलंगाचा रॉड, मॉनिटरची बटणं, सलाईनचा स्टँड, स्टेथोस्कोप, पडदा, मोबाइल. त्याला पाय नाहीत. त्याला पंखही नाहीत. तो बहुतेक वेळा हातावर बसून जातो. डॉक्टरच्या, सिस्टरच्या, वॉर्डबॉयच्या आणि आपल्या.

सैनिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. जखमी सैनिक आधी फील्ड हॉस्पिटलमध्ये, तिथून विमानाने जर्मनीला, तिथून अमेरिकेला. काही दिवसांत तीन-चार रुग्णालयं. प्रत्येक ठिकाणी खबरदारी म्हणून जोरदार अँटिबायोटिक. त्याने साधे जिवाणू मरतात, मोकळ्या झालेल्या जागेवर हट्टी उरतात, आणि प्रत्येक थांब्यावर तिथले नवे येऊन मिळतात.

आता यातलं विमान काढा आणि सिल्लोडची अ‍ॅम्ब्युलन्स घाला. गावातल्या डॉक्टरने एक इंजेक्शन दिलं, तालुक्याला दुसरं, तिथून रेफर, मग खासगीत तीन दिवस, पैसे संपले की घाटी. आख्ख्या मराठवाड्यातून भाजलेला माणूस शेवटी घाटीत येतो, तेव्हा तो या सगळ्या थांब्यांवरचं सामान अंगावर घेऊन आलेला असतो, आणि आधी काय दिलं याचा कागद त्याच्याजवळ बहुतेक नसतो. आमच्याजवळही नव्हता. नर्सिंग होमने कुठली अँटिबायोटिक दिली होती ते मला फोन करकरून तिसऱ्या दिवशी कळलं. अमेरिकन सैन्याने या अनुभवानंतर सगळ्या लष्करी रुग्णालयांतले हे हट्टी जिवाणू एका ठिकाणी गोळा करून त्यांची नोंद ठेवणारी यंत्रणाच उभी केली. आपल्याकडे आयसीएमआरचं असं जाळं आहे. त्यात मुंबईचं हिंदुजा आहे, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आहे आणि पुण्याचं एएफएमसी, म्हणजे आपल्या सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या जाळ्याच्या अलीकडच्या अहवालांत कार्बापेनेम गटाला, म्हणजे आयसीयूतल्या नेहमीच्या भारी औषधांना, दहापैकी साधारण नऊ असिनेटोबॅक्टर दाद देत नाहीत. म्हणजे आमच्या भावाचा कागद हा अपवाद नव्हता. तो सरासरीच होता.

युद्ध हे सगळं शंभर पटीने करतं. युक्रेनमध्ये 141 रुग्णांचा अभ्यास 2023 मध्ये आला, त्यातले बहुतेक युद्धात जखमी झालेले. काहींच्या जखमेतला क्लेब्सिएला तपासलेल्या एकाही औषधाला बधला नाही. गाझामध्ये अल-अहली रुग्णालयातल्या 1300 हून जास्त नमुन्यांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्या जिवाणूंपैकी जवळपास दोन तृतीयांश अनेक औषधांना निगरगट्ट होते. हे नमुने तपासणारे लोक कुठल्या परिस्थितीत ते तपासत होते याचा विचार करा. पाणी नाही, साबण नाही, ड्रेसिंग नाही, लॅब पडलेल्या. तिथे हात न धुण्याला कारण आहे. आपल्या वॉर्डाबाहेर बेसिन होतं.

थोडं आपल्या राज्याचंही सांगतो. 2010 साली एनडीएम-1 हे नाव पेपरात गाजलं होतं, तुमच्यातले बरेच तेव्हा शाळेत असतील. एन डी म्हणजे न्यू दिल्ली. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटमध्ये हा जीन पहिल्यांदा ओळखला गेला. भारतात मोठा संताप झाला, आमच्या मेडिकल टुरिझमला बदनाम करताय म्हणून. पण ऑगस्टमध्ये तो गदारोळ उठण्याच्या पाच महिने आधी, मार्च 2010 मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी स्वतःच छापलं होतं की 2009 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये त्यांना कार्बापेनेमला दाद न देणारे 24 जिवाणू सापडले, त्यातल्या 22 मध्ये एनडीएम-1 होता. त्याच अंकात चेन्नईच्या डॉ. अब्दुल गफूर यांनी संपादकीय लिहिलं, अँटिबायोटिकचा मृत्युलेख अशा अर्थाचं. नंतर 2012 मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन डॉक्टरांच्या संघटनांना एकत्र आणलं, ते चेन्नई जाहीरनामा म्हणून ओळखलं जातं. आपल्या घरातली घाण आपण दाखवली की घराची बदनामी होते, ही समजूत फक्त आपल्या मोहल्ल्यात नाही, देशभर आहे. मला हिंदुजाच्या त्या डॉक्टरांचं आणि गफूर साहेबांचं म्हणूनच कौतुक वाटतं.

एनडीएम-1 ची भीती का, तर तो जीन प्लाझ्मिडवर असतो. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या आतला डीएनएचा सुटा गोल तुकडा. पेन ड्राइव्ह समजा. एक जिवाणू तो दुसऱ्याला देऊ शकतो, दुसऱ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा. आणि त्या पेन ड्राइव्हवर एक नाही, पाच-सहा औषधांवरचे तोडगे एकत्र असू शकतात. त्यामुळे साध्या सर्दीला, जी व्हायरसने होते, मेडिकलवरून अझिथ्रो किंवा सिफिक्झिम आणून तीन दिवस खाल्लं, तर सर्दीला काही होत नाही. आपल्या पोटातल्या बिचाऱ्या जिवाणूंमध्ये मात्र निवड होते. हट्टी उरतात. ते पुढे कुठे, कुणाच्या जखमेत पोचतील हे आपल्याला कधीच कळत नाही.

औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते, बघितली असेल. ती चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून असते. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन म्हणून नियम आहे, त्यातली ठरावीक अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलवर ती वही कुणी बघितली आहे का? हात वर करा. (कुणाचाच हात वर आला नाही.) बरोबर.

नवीन औषधं निघत का नाहीत, हा प्रश्न कॉलेजच्या मुलांनी मला आधीच विचारला होता. निघतात, आणि गंमत म्हणजे त्यातली काही इथेच निघतात. जालना रोडवरून चिकलठाणा एमआयडीसीकडे जाताना वॉकहार्टचं संशोधन केंद्र लागतं. आपल्यातले कितीतरी जण रोज त्याच्यासमोरून जातात. हबील खोराकीवाला यांची कंपनी. जगभरच्या नियतकालिकांत प्रतिजैविकांवरचे पेपर येतात त्यात पत्ता छापलेला असतो, चिकलठाणा, औरंगाबाद. तिथून आलेलं लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन 2020 मध्ये भारतात मंजूर झालं, कातडी आणि मऊ भागांच्या संसर्गासाठी, त्यात मधुमेही पायाची जखमही आली. ते मुख्यतः एमआरएसए सारख्या जिवाणूंवर चालतं, असिनेटोबॅक्टरसाठी नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. झिडेबॅक्टम, सेफेपाइमबरोबर द्यायचं. जिवाणूची भिंत बांधणारे वेगवेगळे गवंडी असतात असं समजा. सेफेपाइम एका गवंड्याला धरतं, झिडेबॅक्टम दुसऱ्याला. दोघं एकदम धरले की एनडीएम असूनही भिंत कोसळू शकते. मंजुरीच्या आधीच, दुसरा कुठलाही उपाय उरला नाही म्हणून, विशेष परवानगी घेऊन काही पेशंटना ते दिलं गेलं. त्यात आपल्याच राज्यातल्या डॉक्टरांनी किडनी बदललेल्या एका माणसाच्या कवटीच्या हाडापर्यंत गेलेला एनडीएमवाला स्यूडोमोनास त्याने बरा केल्याची नोंद आहे.

पण इथे मला कौतुकाच्या भरात वाहून जायचं नाही. या धंद्यात पैसा नाही. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर खातो, अँटिबायोटिक दहा दिवस. आणि नवं अँटिबायोटिक जितकं चांगलं तितकं ते कपाटात जपून ठेवावं लागतं. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीला 2018 मध्ये नव्या अँटिबायोटिकची मंजुरी मिळाली आणि 2019 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. मोठमोठ्या कंपन्या तर हे संशोधन सोडूनच गेल्या. म्हणजे चिकलठाण्यात वीस-पंचवीस वर्षं घालवून एक औषध तयार करायचं आणि तिथून पाच किलोमीटरवर आपण ते मेडिकलवरून सुटं विकत घेऊन तीन वर्षांत निकामी करायचं, असा हा व्यवहार होऊ शकतो.

आता आपल्या हाताचं बोलू. इथे थोडं वाईट वाटेल.

भाऊ अ‍ॅडमिट झाल्यावर पहिल्या रविवारी त्याच्या अयादतीला आम्ही 14 जण गेलो. दोन गाड्या करून. अयादत सुन्नत आहे, आणि गेलो नाही तर लोक काय म्हणतील हेही होतंच. वॉचमन एकाला सोडत होता, आम्ही त्याला समजावून चौघे-चौघे गेलो. मी स्वतः शेजारच्या पलंगाचा रॉड धरून उभा होतो. शेजारी एक 19 वर्षांचा मुलगा होता, करंट लागलेला. त्याच्या वडिलांशी बोललो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग वळून भावाच्या तोंडात डाळिंबाचे दाणे घातले, त्याची उशी सरळ केली. खालाने दुआ पढून त्याच्या छातीवरच्या पट्टीवरून हात फिरवला.

त्या मुलाच्या कागदावरही असिनेटोबॅक्टर होता, हे मला नंतर कळलं. आम्हीच नेला, असं सिद्ध करता येत नाही. सिस्टरच्या हातून गेला असेल, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून गेला असेल. एका सिस्टरकडे रात्री इतके पेशंट होते की प्रत्येक वेळी हात धुवायचे तर तिला दुसरं काही करताच आलं नसतं. पण माझ्या कामात एक शिस्त आहे. ज्या ज्या मार्गाने बिघाड शिरू शकला असता ते सगळे मार्ग लिहायचे, आपला स्वतःचा धरून. मी लिहिले. यादीत माझं नाव होतं.

दारात हँडरबची बाटली होती. आमच्यातल्या दोघांनी ती वापरली नाही, त्यात अल्कोहोल आहे म्हणून. एक जण म्हणाला, माझं वुजू आहे. वुजूचा मी आदर करतो, पण मशिदीतून रुग्णालयापर्यंत येताना आपण रिक्षाचा दांडा, लिफ्टचं बटण, फोन सगळं धरलेलं असतं. आणि अल्कोहोलबद्दल म्हणाल, तर जानेवारी 2002 मध्ये मक्केत मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह परिषदेच्या 16 व्या बैठकीत याचा निर्णय झालेला आहे. जखम साफ करायला, जंतू मारायला, बाहेरून लावायच्या मलमात अल्कोहोल वापरायला परवानगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात स्वच्छतेच्या मार्गदर्शिकेत हा निर्णय नोंदवलेला आहे. सौदीच्या रुग्णालयांत हँडरब आहे. कुणाला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावं, पण रुग्णालयाच्या दारात उभं राहून नाही, आजच विचारावं.

जळीत वॉर्डात जायचंच असेल तर एक माणूस. बाकीच्यांनी बाहेरून फोनवर बोलावं, डबा द्यावा, रक्त द्यावं, रात्रीच्या पाळीला बाकड्यावर बसावं. तीही अयादतच आहे. आत गेलेल्याने अंगठी, घड्याळ काढून, कोपरापर्यंत बाह्या वर करून हात स्वच्छ करावे. आत जाताना आणि बाहेर येतानाही. दुसऱ्या पेशंटच्या कशालाही हात लावायचा नाही. डॉक्टर हात न धुता आले तर सांगायचं. मला माहीत आहे, अवघड आहे. आपला पेशंट त्यांच्या हातात असतो आणि आपण दाढीवाले, बुरख्यातले, आधीच आवाज दबलेला. मी तिसऱ्या आठवड्यात धीर करून एकदा म्हणालो, "डॉक्टर साहेब, हँडरब इथे ठेवलंय." ते थांबले, हसले, दोन्ही हातांना लावलं. काही झालं नाही. मी उगाच तीन आठवडे घाबरलो होतो.

आणि कागद. ताप आला आणि अँटिबायोटिक बदललं की विचारा, कल्चर पाठवलं का? रिपोर्ट आला की फोटो काढा. कुठलं औषध कुठल्या तारखेला सुरू झालं, कधी बंद झालं, हे साध्या वहीत लिहा. पेशंट दुसऱ्या रुग्णालयात हलवला तर ती वही सगळ्यात आधी दाखवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागणार नाही आणि तुमचा पेशंट कुठला जिवाणू घेऊन आलाय हे त्यांना कळेल. त्याला वेगळं ठेवता येईल. यात शेजारच्या पलंगावरच्याचाही जीव वाचतो.

आमचा भाऊ 71 दिवसांनी घरी आला. कोलिस्टिनने किडनीचे आकडे बिघडले होते, ते हळूहळू खाली आले. तीनदा कातडी लावावी लागली. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत, त्यामुळे देग उचलता येत नाही. आता तो टीव्ही सेंटरजवळ एका हॉटेलात काउंटरवर बसतो. मामूने प्लॉट विकला. शेजारचा तो 19 वर्षांचा मुलगा विसाव्या दिवशी गेला. त्याचे वडील अजूनही ईदला मला फोन करतात. दर वेळी मला बोलायला थोडा वेळ लागतो.

मी दोन जुने कल्चर रिपोर्ट आणले आहेत, नावं खोडून. आर, आय, एस कसं वाचायचं ते दाखवतो. ज्यांना बघायचं आहे त्यांनी पुढच्या टेबलाशी या. बाटलीही ठेवली आहे तिथे, आधी हात चोळून घ्या.